मुलाच्या ताब्याचा अर्ज कुठे अडतो : वेगळे राहणाऱ्या आईबापांसाठी

पाचशेच्या स्टॅम्पवर पंचांसमोर लिहिलेली फारकत, आणि त्यात एक ओळ : ‘मुलगा बापाकडे, मुलगी आईकडे राहील.’ हा कागद घेऊन कोर्टाची पायरी चढणारे अजूनही पुष्कळ. नोटरीचा शिक्का असला तरी तो कोर्टाचा आदेश होत नाही. जातीत फारकतीची जुनी रूढी असेल तर तीही पुराव्याने सिद्ध करावी लागते, आणि मुलाचा ताबा तरीही कोर्टच मुलाचं हित पाहून ठरवतं.

घटस्फोटाची किंवा नांदायला आणण्याची केस चालू असेल तर त्याच केसमध्ये हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली अर्ज द्यायचा. केस नसेल तर पालक व पाल्य कायदा, १८९० खाली वेगळा अर्ज करावा लागतो. हा कायदा बोलतो जिल्हा न्यायालयाबद्दल. जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे अर्ज तिकडे जातो. तालुक्याच्या कोर्टात टाकायच्या आधी विचारून घ्या, एक तारीख वाचेल.

इथे विदर्भातली एक खास अडचण. हिंदू विवाह कायदा बौद्धांना लागू आहे, पण गोंड, कोरकू, कोलाम अशा अनुसूचित जमातींना नाही. त्यांच्यासाठी कलम २६ चा छापील नमुना बिनकामाचा. त्यांनी १८९० चा रस्ता धरावा. पोटगीचं कलम १४४ (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, पूर्वीचं कलम १२५) मात्र सगळ्यांना लागू आहे.

मोफत वकील तालुका विधी सेवा समितीकडून मिळतो, हेल्पलाइन १५१००. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग यांना उत्पन्नाची अट नाही. तरी एखाद्या खिडकीवर बाईला तहसीलदारांचा दाखला आणायला सांगतात. विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ दाखवा आणि उगाच हेलपाटे घालू नका. ‘हे बायकांसाठीच असतं’ असं समजून बापही कर्ज काढून वकील लावतात. वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर त्यांनाही वकील मिळतो.

१८९० चा अर्ज मूल जिथे नेहमी राहतं तिथल्याच कोर्टात चालतो, आणि गाडी फसते ती इथे. आई माहेरी आली, पोराच्या आधारवर सासरचा पत्ता. समोरचा वकील पहिल्याच तारखेला हे काढतो. शाळेचं बोनाफाईड आणि अंगणवाडीच्या नोंदीचा उतारा आधीच जोडा. जुनी शाळा ‘वडिलांची सही आणा’ म्हणत टीसी देत नसेल, तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ सांगा : पहिली ते आठवीच्या मुलाला टीसी लगेच द्यायची असते, आणि टीसी उशिरा आली म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही.

पोटगी मागायची असेल तर दोन्ही बाजूंना मालमत्ता-उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं; सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये तसं ठरवून दिलं आहे. त्याच निकालात शेतकऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे, पण टायपिंगवाल्याकडे मिळतो नोकरदारांचा. मग ‘पगार : निरंक’ एवढं लिहून मोकळे होतात. शेतकऱ्याच्या नमुन्यात जमीन किती, कोरडवाहू की ओलिताची, पिकं कोणती, गुरं किती हे भरायचं असतं. सातबारा, ८-अ आणि कापूस-सोयाबीन विकल्याच्या पट्ट्या सोबत लावा. ‘जमीन बाबाच्या नावावर आहे, माझं काहीच नाही’ हे उत्तर हमखास येतं. पासबुक नीट पाहा : पीएम किसानचे दोन-दोन हजार त्याच्याच खात्यात जमा दिसत असतील, तर त्याच्या नावावर जमिनीची नोंद आहे. फेरफार काढायला लावा.

आता मुदती. अंतरिम पोटगीचे ६० दिवस अर्ज दिल्यापासून धरू नका. ते समोरच्याला नोटीस बजावल्यापासून मोजतात. पत्ता चुकला तर मोजणीच सुरू होत नाही. कलम १४४ खालची थकलेली पोटगी वसूल करायचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून १ वर्षाच्या आत हवा. ‘सुधारेल’ म्हणून दोन वर्षं थांबलात तर जुन्या महिन्यांसाठी वॉरंट निघत नाही. आणि नोटीस घेतली नाही म्हणजे केस टळली, असं नसतं. पोस्टमनने ‘घेण्यास नकार’ लिहिलं की ती बजावली असं धरून एकतर्फी आदेश होऊ शकतो.

मारहाणीची भीती असेल तर आधी १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा. घरगुती हिंसाचार कायद्याच्या कलम २१ खाली दंडाधिकारी तात्पुरता ताबा देऊ शकतात.

भेटीचं वेळापत्रक मोघम नको. ‘सणासुदीला’ लिहिलं की तान्ह्या पोळ्याला भांडण ठरलेलं. लाकडी बैल घेऊन पोरगं कोणत्या गावात फिरणार, ते नाव घालून लिहा. उन्हाळ्याची सुट्टी ‘१५ जूनपर्यंत’ लिहू नका, आपल्या विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. मूल कुठे सोपवायचं, अंगणवाडीत की शाळेच्या फाटकाशी, तेही त्यात घाला. पोटगी थकली म्हणून भेट अडवू नका, भेट नाकारली म्हणून पोटगी थांबवू नका. प्रत्येकासाठी वेगळा अर्ज करता येतो. आणि परतीची वेळ शेवटच्या एसटीच्या तासभर आधीची ठेवा.