दूरमानसोपचार, वैद्यकीय सेवेतील (नागपूर परिसर)

मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या दवाखान्यात, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा रुग्णालयाच्या अन्य विभागात आलेल्या रुग्णाचा मानसिक आजार तेथेच ओळखून दूरध्वनी, व्हिडिओ कॉल आणि संगणकीय नोंदींच्या साहाय्याने त्यावर उपचार करण्याची पद्धती. हेल्पलाइन किंवा मोबाइलवरील ॲप एवढाच तिचा अर्थ नाही. मधुमेह, रक्तदाब, क्षय, बाळंतपण अशा कारणांनी जो माणूस मुळात डॉक्टरांपुढे बसलेलाच आहे, त्याच्यापर्यंत मानसोपचार नेणे हा तिचा गाभा होय.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना मानसिक आजार असल्याचे आणि वेगवेगळ्या आजारांतील ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांबाहेर असल्याचे आढळले. सर्वेक्षणातील १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, त्यामुळे हे आकडे विदर्भाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण तज्ज्ञांची वाटणी किती असमान आहे हे येथे उघड दिसते. १८६४ मध्ये स्थापन झालेले प्रादेशिक मनोरुग्णालय, ‘मेडिकल’ व ‘मेयो’ ही शासकीय महाविद्यालयीन रुग्णालये आणि मिहानमधील एम्स या सर्व संस्था नागपूर शहरात आहेत, तर गडचिरोली तेथून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आणि भामरागड त्याहूनही बरेच पुढे आहे. मानसोपचारात वारंवार यावे लागते. दर खेपेला रुग्णाची आणि सोबत येणाऱ्या नातेवाइकाची मजुरी बुडते, आणि पेरणीच्या दिवसांत ही खेप हमखास चुकते. अंतराखेरीज लाजेचाही अडसर आहे. मनोरुग्णालयाजवळच्या चौकाचा पत्ता शहरात आजही ‘पागलखाना चौक’ असाच सांगितला जातो. तेथे जाण्यापेक्षा गावच्या दवाखान्यात बीपीच्या गोळीसोबत मनाचे औषध घेणे कुटुंबाला सोपे वाटते.

उपचाराची सुरुवात बहुधा शरीराच्या तक्रारीतून होते. ‘डोकं जड राहते’, ‘जीव घाबरते’, ‘झोप लागत नाही’ असे सांगणाऱ्या रुग्णाला पीएचक्यू-९ ही प्रश्नावली दिली जाते. तिच्यात मागील दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न असून प्रत्येकाला ० ते ३ असे गुण असतात. एकूण २७ पैकी १० किंवा अधिक गुण आले, तर नैराश्याची तपासणी पुढे नेतात. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याचे उत्तर होकारार्थी आले, तर एकूण गुण कितीही असोत, रुग्णाशी त्याच वेळी बोलावे लागते. टॅबलेट संगणकावर आकडा भरून पुढचा रुग्ण बोलावणे ही येथली सर्वांत घातक चूक ठरते. त्यानंतर समुदाय आरोग्य अधिकारी किंवा वैद्यकीय अधिकारी २०१९ पासून चालू असलेल्या ई-संजीवनी या सरकारी दूरवैद्यकसेवेसारख्या यंत्रणेतून रुग्णाला समोर बसवून तज्ज्ञाशी जोडून देतो.

मात्र या पद्धतीचे यश व्हिडिओ कॉलपेक्षा पाठपुराव्यावर अधिक अवलंबून आहे. नैराश्यावरील औषधांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि चार दिवसांत फरक नाही म्हणून गोळ्या सोडणारे रुग्ण पुष्कळ असतात. कोणाची तारीख चुकली, प्रश्नावलीतील कोणाचे गुण उतरले नाहीत, हे संगणकीय नोंदवहीत दिसले की पाठपुरावा करणारा आरोग्यसेवक फोन करतो आणि तज्ज्ञ अशाच रुग्णांचा आढावा घेऊन औषध बदलण्याचा सल्ला देतो. मधुमेह व नैराश्य एकत्र असलेल्या ४०४ भारतीय रुग्णांवरील ‘इंडिपेंडंट’ चाचणीत (२०२०) हीच रचना तपासली गेली. नैराश्य निम्म्यावर येऊन सोबत साखर, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल यांपैकी एक तरी सुधारल्याचे प्रमाण ही रचना वापरलेल्या गटात ७१.६ टक्के, तर नेहमीच्या उपचारांत ५७.४ टक्के होते. चाचणीची केंद्रे मोठ्या शहरांतील मधुमेह दवाखाने होती, हे विदर्भातील उपकेंद्राचा विचार करताना विसरता येत नाही. खेड्यांपुरता अधिक जवळचा दाखला अमरावती जिल्ह्यातील ‘विश्राम’ प्रकल्पाचा आहे. तेथे गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांच्या बळावर नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले.

१० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ सेवेत १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतूनही प्रथम समुपदेशक बोलतो आणि गरजेप्रमाणे तज्ज्ञाकडे पाठवतो. ती दवाखान्याबाहेरून येणाऱ्यांना उपयोगी असली, तरी रुग्णाची शारीरिक औषधे लिहिणाऱ्या डॉक्टरपर्यंत तिथली माहिती पोहोचली नाही, तर दोन उपचार समांतर चालत राहतात.

दूरवैद्यकसेवेच्या मार्च २०२० मधील मार्गदर्शक तत्त्वांमुळे या कामाला स्पष्ट चौकट मिळाली. काही औषधे व्हिडिओवरील पहिल्याच सल्लामसलतीत लिहिता येतात, काही केवळ पाठपुराव्यात. मिथाइलफेनिडेटसारखी (अतिचंचलतेवरील औषध) अनुसूची ‘एक्स’मधील, म्हणजे कडक नियंत्रणाखालील यादीतली औषधे मात्र दुरून लिहिता येत नाहीत. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ ने उपचारांचा आणि गोपनीयतेचा हक्क दिला आहे, पण घरात एकच मोबाइल आणि तो नवऱ्याच्या खिशात असेल, तर छळाविषयी बाई फोनवर काय बोलणार? अशा रुग्णाला आरोग्य केंद्रातील बंद खोली घरच्या फोनपेक्षा सुरक्षित असते. गोंडी बोलणाऱ्या रुग्णासाठी दुभाष्या लागतो, आणि तो शेजारीच असेल तर गोपनीयतेचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध घेणाऱ्याची रक्ततपासणी पडद्यावर होत नाही. दारू अचानक सोडल्यावर झटके किंवा भ्रम सुरू झालेल्या, तसेच आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या रुग्णाला थेट रुग्णालयातच हलवावे लागते, आणि तेव्हा दूरच्या तज्ज्ञाचे काम रुग्णवाहिका येईपर्यंत स्थानिक डॉक्टरला सल्ला देण्यापुरते उरते.