बी.ए. एलएल.बी. (कोल्हापूर)

बी.ए. एलएल.बी. : बारावीनंतर कला आणि विधी या दोन्ही शाखांचे शिक्षण एकत्र देणारा पाच वर्षांचा, दहा सत्रांचा पदवी अभ्यासक्रम. कोल्हापुरात बोलताना त्याचे पूर्ण नाव कोणी घेत नाही. ‘पाच वर्षांचं लॉ’ म्हटले की कळते. आधी कोणतीही पदवी घेऊन मग करायचे ते ‘तीन वर्षांचं लॉ’. वकिलीची सनद दोन्ही वाटांनी सारखीच मिळते. फरक आहे तो विद्यार्थी कायद्याकडे कोणत्या वयात आणि कोणत्या विषयांच्या सोबतीने येतो यात.

जुन्या पिढीने ही वाट दोन टप्प्यांत चालली. यशवंतराव चव्हाण १९३८ साली कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून इतिहास व राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झाले, मग पुण्यात कायदा शिकून १९४१ साली एलएल.बी. झाले. खरे तर कोल्हापुरातही तेव्हा कायद्याचे महाविद्यालय होते. १९३३ साली साइक्स लॉ कॉलेज या नावाने सुरू झालेली ती संस्था आज शहाजी लॉ कॉलेज म्हणून ओळखली जाते. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि इथल्या महाविद्यालयांचा मुंबई-पुण्याच्या विद्यापीठांशी असलेला संबंध संपला. बारावीनंतर सलग पाच वर्षे कायदा शिकवण्याची कल्पना भारतीय विधिज्ञ परिषदेने (बार कौन्सिल ऑफ इंडिया) १९८० च्या दशकात पुढे आणली. पुण्यात या अभ्यासक्रमातील पहिली पदवी बरीच वर्षे बी.एस.एल. (बॅचलर ऑफ सोशिओ-लीगल सायन्सेस) नावाने दिली जात होती, त्यामुळे जुन्या वकिलांच्या पाटीवर ती अक्षरे अजून दिसतात.

प्रवेश राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेतून, म्हणजे सीईटीतून होतो. परीक्षा संगणकावर होते, प्रश्न बहुपर्यायी असतात आणि चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत. विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या नियमांप्रमाणे बारावीत किमान ४५ टक्के गुण लागतात. इतर मागासवर्गासाठी ही अट ४२ टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के आहे. पालकांनी फॉर्म भरण्याआधी याच नियमांतली आणखी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. या अभ्यासक्रमात मधूनच प्रवेश मिळत नाही आणि मधूनच पदवी घेऊन बाहेरही पडता येत नाही. ‘तीन वर्षे झाली की निदान बी.ए. तरी पदरात पडेल’ या समजुतीवर कोणी विसंबू नये.

पहिल्या काही सत्रांत राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास आणि इंग्रजी यांच्या जोडीला करार कायदा, अपकृत्य कायदा, कौटुंबिक कायदा असे विषय सुरू होतात. पुढे कायद्याचा वाटा वाढत जातो. संविधान, फौजदारी कायदा, पुरावा, दिवाणी प्रक्रिया, जमीनविषयक कायदे यांत शेवटची वर्षे जातात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि तिच्या सोबतीचे दोन कायदे लागू झाले. तेव्हापासून विद्यार्थ्याला नवे कलम पाठ करावे लागते आणि जुनेही ध्यानात ठेवावे लागते, कारण त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले जुन्याच दंड संहितेखाली चालतात.

पहिल्या वर्षाच्या मुलांची ठरलेली तक्रार असते : वकील व्हायला आलो, समाजशास्त्र कशाला? या तक्रारीचे उत्तर एका सातबाऱ्यात मिळते. करवीर किंवा कागल तालुक्यातला एखादा जुना, हाताने लिहिलेला उतारा समोर घ्यावा. वरच्या अर्ध्यात गाव नमुना सात, त्यात जमीन कोणाच्या नावे आहे ते. खाली नमुना बारा, त्यात पिके. नावांशेजारी छोट्या वर्तुळांत फेरफाराचे, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदींचे, क्रमांक. काही नावांना कंस केलेला, म्हणजे तो माणूस वारला किंवा त्याचा हक्क संपला. उजवीकडे ‘इतर हक्क’ या रकान्यात कधी सोसायटीचा बोजा, कधी एखाद्या कुळाचे नाव, कधी ‘कुळकायदा कलम ४३ ला अधीन’, म्हणजे विक्रीवर बंधन, असा शेरा. या शेऱ्यामागे १९४८ चा कुळकायदा आहे आणि १ एप्रिल १९५७ हा दिवस आहे. त्या दिवशी कसणारे कूळ जमिनीचे मालक झाल्याचे कायद्याने मानले. मग ‘३२ ग’ कलमाखाली किंमत ठरवण्याची चौकशी, ठरलेली किंमत भरणे आणि ‘३२ म’ कलमाखाली खरेदीचा दाखला. कलमे वाचून प्रक्रिया कळते. पण जमीन कसणारा एक आणि कागदावर मालक दुसरा हे मुळात का घडले, ते इतिहास आणि अर्थशास्त्राच्या तासाला बसलेल्यालाच नीट सांगता येते. आणि खालच्या एखाद्या फेरफारात तीन बहिणींची नावे एका दमात कमी झालेली दिसली, की तिथे हक्कसोडपत्र असते. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबातील मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः मुलाइतका हक्क दिला, तरी बहीण सही का करते? माहेर तुटू नये म्हणून. हे करार कायद्यात लिहिलेले नाही. माझ्या मते कोल्हापुरातल्या प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्याच सत्रात आपल्या घरचा सातबारा आणि त्यावरचे सगळे फेरफार काढून आणावेत आणि ते वाचून दाखवावेत. राधानगरी, शाहूवाडी, भुदरगडहून एसटीने येणाऱ्या मुलाकडे या बाबतीत शहरातल्या मुलापेक्षा जास्त भांडवल असते. फक्त ते भांडवल आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

इतिहासाचे तसेच. २६ जुलै १९०२ रोजी राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखण्याचा हुकूम काढला. सरकारी नोकऱ्यांत राखीव जागांची मुभा देणारे, संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदातील चौथे उपकलम शिकताना इथल्या विद्यार्थ्याला दूरचे उदाहरण शोधावे लागत नाही. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील तरुणांना याच महाराजांनी वकिलीच्या सनदा दिल्या. त्यामुळे ‘सनद’ हा शब्द या गावात निव्वळ परवान्याचा राहत नाही.

भाषेची अडचण मात्र खरी आहे. ज्यांचे शिक्षण बारावीपर्यंत मराठीतून झाले त्यांना पहिले वर्ष जड जाते, कारण बेअर ॲक्ट (कायद्याचा नुसता मूळ मजकूर), निकालपत्रे आणि चांगली पुस्तके बहुतेक इंग्रजीत आहेत. दुसऱ्या बाजूने इंग्रजी शाळेतून आलेली मुले ‘कैफियत’, ‘गहाणखत’, ‘चतुःसीमा’, ‘पोटहिस्सा’ या शब्दांपाशी अडखळतात. कसबा बावड्याच्या जिल्हा न्यायालयात साक्ष मराठीत होते, दस्त मराठीत असतात आणि पक्षकार तर मराठीशिवाय बोलतच नाही. उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर येऊन बसणारे पीठ, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत बसू लागले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. वकिलांनी आणि पक्षकारांनी चार दशके लावून धरलेली ही मागणी होती. शिकणाऱ्यांच्या दृष्टीने तिचा अर्थ फार मोठा आहे : मराठीत नोंदवलेल्या साक्षीवर इंग्रजीत युक्तिवाद कसा उभा राहतो, हे आता मुंबईची गाडी न पकडता एकाच शहरात पाहता येते. दोन्ही भाषांत सारख्याच सफाईने मसुदा लिहिणारा विद्यार्थी घडवणे, यासाठी कोल्हापूरइतकी सोयीची जागा मला दुसरी दिसत नाही.

प्रात्यक्षिकाचे चार विषय सक्तीचे आहेत : मसुदालेखन, व्यावसायिक नीतिमत्ता, पर्यायी वादनिवारण आणि मूट कोर्ट. मूट म्हणजे काल्पनिक खटल्याचा अभिरूप युक्तिवाद. वर्षभरात तीन मूट, प्रत्येकी दहा गुणांचे. शिवाय एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला न्यायालयात बसून पाहायचा आणि त्याची टिपणे काढायची. पाच वर्षांत मिळून किमान वीस आठवडे इंटर्नशिप करावी लागते आणि तिची डायरी ठेवावी लागते. ही डायरी सत्राच्या शेवटी मित्राच्या वहीवरून उतरवून काढण्याची रीत पडली आहे, याचे वाईट वाटते. ज्याने ती रोज लिहिली, ज्याने कोर्टाच्या बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या यादीत, लागलेल्या प्रकरणांतली किती चालली आणि कितींना नुसती तारीख पडली हे मोजले, त्याला दिवाणी प्रक्रिया संहिता वेगळी शिकवावी लागत नाही. प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरीची अट आहे.

पदवीनंतर महाराष्ट्र आणि गोवा विधिज्ञ परिषदेकडे नोंदणी होते. ३० जुलै २०२४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने नोंदणी शुल्क कायद्यात लिहिलेल्या रकमेपुरते मर्यादित केले : सर्वसाधारण उमेदवारास ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींस १२५ रुपये. शिवाय अखिल भारतीय वकील परीक्षा द्यावी लागते. तिला टिपणे नसलेला बेअर ॲक्ट सोबत नेता येतो आणि ती मराठीतूनही देता येते. न्यायाधीश होऊ पाहणाऱ्यांसाठी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली, म्हणून आता परीक्षेच्या तयारीआधी सिनिअरच्या ऑफिसात बसणे ओघाने आलेच. तिथे सुरुवातीची दोन-तीन वर्षे हातात फारसे पैसे येत नाहीत. घरी आधाराची सोय नसलेली हुशार मुले याच टप्प्यावर दुसरीकडे वळतात. जी टिकतात, त्यांच्या हाती पहिले काम बहुधा मुदतीच्या अर्जाचे येते : सिनिअर दुसऱ्या कोर्टात आहेत, सबब पुढील तारीख मिळावी. अर्ज चार ओळींचा, मराठीत, खाली स्वतःची सही. बावड्याच्या एखाद्या कोर्टात उभे राहून तो न्यायाधीशांपुढे ठेवताना नव्या वकिलाचा हात थरथरतो, आणि पुकारा झाला की मागच्या बाकावरचा पक्षकार मान वर करून त्याच्याकडे पाहतो.