नफा पाच लाख, मग शिल्लक पन्नास हजारच कशी?

समजा, तालुक्याच्या गावात हार्डवेअरचे एक दुकान आहे. वर्षभराची विक्री ४० लाख, विकलेल्या मालाची खरेदी किंमत २८ लाख, पगार-भाडे-वीज ५ लाख, घसारा (वापराने जुन्या होणाऱ्या वस्तूंच्या किमतीतली घट) १ लाख, आयकर १ लाख. निव्वळ नफा ५ लाख. पण ३१ मार्चला गल्ला आणि बँक मिळून शिल्लक निघते ५० हजार. वर्षाच्या सुरुवातीला ती दीड लाख होती. चोरी झालेली नाही, हिशेबही चुकलेला नाही. नफा विक्रीच्या दिवशीच वहीत चढतो, पैसा मात्र गिऱ्हाईक देईल तेव्हा येतो. मधल्या काळात काय घडले ते रोख प्रवाह पत्रक सांगते.

हे पत्रक दोन पद्धतींनी मांडता येते, थेट आणि अप्रत्यक्ष. थेट पद्धतीत विचारायचे ते एवढेच: पैसे कोणाकडून आले आणि कोणाला गेले?

उधारीला एक हौद समजा. वर्षारंभी त्यात ४ लाख होते, विक्रीने ४० लाखांची भर पडली, वर्षअखेरीस १० लाख उरले. म्हणजे ३४ लाख हौदातून बाहेर पडले आणि तीच आपली वसुली. रोखीची विक्रीही याच हिशेबात बसते, ती हौदात पडते आणि लगेच बाहेर येते. पाण्याच्या टाकीचे गणित याहून वेगळे नसते. चारपैकी तीन आकडे माहीत असले की चौथा निघतोच. मात्र हौदाला गळती असू शकते. बुडीत म्हणून सोडून दिलेली उधारी हौदातून जाते, पण गल्ल्यात येत नाही. ती वजा करावी लागते. आणखी एक फसगत नेहमी होते. विक्रीचा आकडा जीएसटी वगळून असतो आणि गिऱ्हाइकाची बाकी जीएसटी धरून. दोन्ही एका मापात आणल्याशिवाय वसुली बरोबर निघत नाही. (आपल्या उदाहरणात जीएसटी बाजूला ठेवला आहे.)

खरेदीच्या बाजूला हौद दोन आहेत. मालसाठा ५ लाखांवरून ७ लाखांवर गेला, म्हणजे खरेदी २८ नव्हे, ३० लाखांची झाली. व्यापाऱ्यांचे देणे ५ लाखांवरून ४ लाखांवर आले, म्हणजे त्यांना ३१ लाख दिले गेले. पगार-भाडे-वीज आणि कर पूर्ण चुकते केले आहेत. घसाऱ्यापोटी कोणालाच पैसे जात नाहीत, म्हणून तो इथे येतच नाही.

आता बेरीज-वजाबाकी करा: ३४ − ३१ − ५ − १ = −३. नफा ५ लाखांचा असूनही धंद्याने स्वतःच ३ लाख रोख गिळली. याशिवाय गुंतवणुकीच्या सदरात टेम्पोसाठी ४ लाख गेले, भांडवल उभारणीच्या सदरात मार्चअखेरीस ६ लाखांचे कर्ज आले. निव्वळ घट १ लाख. दीड लाखाचे ५० हजार झाले. दुकान तगले ते कर्जावर, ही गोष्ट नफ्याच्या आकड्यात कुठेच दिसत नव्हती.

मोठमोठ्या कंपन्याही इथेच फसल्या आहेत. अमेरिकेतली डब्ल्यू. टी. ग्रँट ही दुकानांची प्रचंड साखळी १९७५ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याआधी अनेक वर्षे ती नफा दाखवत होती, पण बहुतेक वर्षी तिच्या व्यवसायातून रोख येत नव्हती, उलट जात होती.

आपल्याकडे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या २०१५ च्या नियमांनुसार शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना अप्रत्यक्ष पद्धत वापरावी लागते. तीत निव्वळ नफ्यापासून सुरुवात करून घसारा, उधारी, साठा, व्यापाऱ्यांचे देणे यांची जुळवाजुळव होते: ५ + १ − ६ − २ − १, उत्तर तेच −३. विमा कंपन्यांना मात्र थेट पद्धतच सक्तीची आहे. माझ्या मते छोट्या धंद्यालाही तीच हवी. अप्रत्यक्ष पद्धतीत उधारी, साठा, देणे यांतल्या फरकाला ‘खेळत्या भांडवलातील बदल’ म्हणतात; ते वाचून दुकानदाराला काही उमगत नाही, पण ४० लाखांच्या विक्रीपैकी हातात ३४ लाखच आले, हे वाचल्यावर तो त्याच दिवशी उधारीची वही उघडतो.

आणि ज्याच्या घरी रोजमेळ लिहायची पद्धत आहे, त्याला हौदाचे गणितही करावे लागत नाही. आरंभीची शिल्लक, जमा, नावे, अखेरची शिल्लक हे सगळे तिथे रोजच्या रोज लिहिलेले असते. वर्षअखेरीस फक्त गिऱ्हाईक, व्यापारी, नोकर, कर, बँक अशा गटांत त्या नोंदी वेगळ्या काढायच्या.