वणव्याचा हंगाम (इंदूर परिसर)

इंदूरच्या दक्षिणेला माळव्याचे पठार विंध्याच्या कड्यांवरून निमाडात उतरते. सिमरोल, चोरल, कालाकुंड, पातालपानी, मानपूर आणि जानापाव या भागातले शुष्क पानझडी जंगल माघ-फाल्गुनापासून पहिल्या पावसापर्यंत आगीच्या तोंडी असते. मध्यप्रदेशचा वनविभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा अग्निहंगाम धरतो. शहरालगतचे राळामंडल अभयारण्य (स्थापना १९८९) आकाराने लहान आहे, पण वस्ती अगदी जवळ असल्याने तिथली ठिणगीही दुर्लक्षून चालत नाही.

इंधन : ऊन कडक म्हणून जंगल पेटते, हा समज अर्धाच खरा आहे. थरच्या वाळवंटात इंदूरपेक्षा जास्त तापते, तरी तिथे मोठे वणवे क्वचितच होतात. दोन झुडपांमध्ये उघडी वाळू असते आणि जाळाला पुढे सरकायला आधार मिळत नाही. इंदूरकडे वर्षाला साधारण ९०० ते १,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्यावर कमरेएवढे गवत वाढते आणि दिवाळीनंतर उभ्याउभ्या वाळते. त्यामुळे पाऊस चांगला झालेल्या वर्षानंतरचा उन्हाळा अधिक धोक्याचा असतो. कुसळी गवत सलग पसरते. रोशा गवतात सुगंधी तेल असल्याने ते जोराने जळते. त्यावर जानेवारीपासून सागाची पाने गळू लागतात. ही रुंद पाने वाळली की वळतात, त्यांच्या थरात हवा खेळती राहते आणि आग झपाट्याने धावते. पळस, धावडा, सालई, मोई, तेंदू यांचा पाचोळा त्यात भर घालतो.

गवत व पाने इतकी बारीक असतात की हवेतल्या ओलाव्याप्रमाणे तासाभरात सादळतात किंवा वाळतात. एप्रिलमध्ये दुपारची आर्द्रता बहुधा २० टक्क्यांच्या खाली जाते; पहाटे काडी लावूनही नीट न पेटणारे रान अकरा वाजता तयार झालेले असते. दुपारी बारा ते पाच हा सर्वांत वाईट काळ. रात्री हवा गार होते, वारा उतारावरून खाली वाहू लागतो आणि जाळ बसतो. ‘शब-ए-माळवा’ची, म्हणजे माळव्याच्या रात्रीची, ख्याती शायरांनी केली, पण तिचा खरा उपयोग आग विझवणाऱ्यांना होतो.

आग लागते कशी : जवळजवळ प्रत्येक वणव्यामागे माणूस असतो. बांबूला बांबू घासून आग लागल्याच्या गोष्टी गावोगावी ऐकू येतात, पण चौकशीत बहुतेकदा बिडी, मोहाचे झाड किंवा शेताचा बांध निघतो.

मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात. ती वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात आणि दुपारच्या वाऱ्यावर तो जाळ बाहेर पडतो. पाला झाडून बाजूला करणे किंवा झाडाखाली जाळी बांधणे यांपैकी काहीही केले तर आगीची गरजच उरत नाही; जाळीतली फुले स्वच्छ राहतात, भावही बरा मिळतो. तेंदूचेही तसेच. बिडीसाठी लागणारी कोवळी पाने जोमाने फुटावीत म्हणून काही जण रान पेटवतात. वास्तविक फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपे जमिनीलगत छाटली की तेच काम होते.

तिसरे कारण नरवाई, म्हणजे गव्हाच्या कापणीनंतर शेतात उरलेली धसकटे. हार्वेस्टर गहू वरूनच कापतो आणि फूटभर उंचीची धसकटे मागे सोडतो. स्ट्रॉ रीपर फिरवला तर त्याचा भुसा होतो, पण तो खर्च टाळून काडी लावली जाते. जंगलाला लागून असलेल्या शेतात ही आग बांध ओलांडते. कापणी होताच रानाकडच्या कडेने दोन-तीन मीटर पट्टा नांगरून घेतला तर ती तिथेच थांबते. नरवाई जाळण्यावर राज्यात बंदी असून पर्यावरण भरपाई म्हणून दोन एकरांपर्यंत २,५००, पाच एकरांपर्यंत ५,००० आणि त्यापुढे १५,००० रुपये वसूल करण्याची तरतूद आहे.

शहरी मंडळींचा वाटा दाल-बाफल्यांच्या (डाळ आणि कणकेचे भाजलेले गोळे) सहलीतून येतो. बाफले गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजतात. वरची राख पांढरी पडली तरी आतली गोवरी तासन्‌तास धुमसत राहते, आणि संध्याकाळी मंडळी घरी परतल्यावर वारा ती उघडी पाडतो. वर माती लोटणे पुरेसे नाही, तिच्याखाली निखारा जिवंत राहतो. पाणी ओतायचे, काठीने ढवळायचे, पुन्हा ओतायचे; तळहात राखेजवळ नेऊन धग लागत नाही अशी खात्री झाली की मगच निघायचे.

जाळरेषा : हंगामाचा निकाल बऱ्याच अंशी डिसेंबर ते फेब्रुवारीतल्या कामावर ठरतो. जाळरेषा म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा. जंगलाच्या सीमेवर, कक्षांच्या (वनाच्या क्रमांकित भागांच्या) हद्दीवर, डोंगराच्या धारेवर आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना साधारण ६ ते १२ मीटर रुंदीचे पट्टे मोकळे करतात. आधी पट्ट्याच्या दोन्ही कडांचे गवत कापून आत टाकतात, कडा जमिनीपर्यंत खरवडतात, गवत वाळू देतात आणि सकाळी किंवा सायंकाळी, वारा पडलेला असताना, माणसे उभी करून आतला भाग जाळतात. चूक बहुधा दोन ठिकाणी होते. कापलेले गवत कडेला ढीग लावून ठेवले तर जाळ तिथूनच बाहेर पडतो. आणि जानेवारीत साफ केलेला पट्टा मार्चमध्ये सागाच्या पानांनी पुन्हा भरतो. तो दर पंधरवड्याला झाडला नाही तर जाळरेषा नकाशावरच उरते. हल्ली या कामाला पाने उडवणारे ब्लोअर वापरतात.

सूचना : भारतीय वनसर्वेक्षण, डेहराडून ही संस्था २००४ पासून उपग्रहांवरून आगीच्या सूचना देते. उपग्रहावरच्या मोडिस संवेदकाचा एक ठिपका जमिनीवर १ किलोमीटरचा, तर व्हीआयआयआरएस या दुसऱ्या संवेदकाचा ३७५ मीटरचा असतो. म्हणून मोबाइलवर आलेला बिंदू आगीची नेमकी जागा नसतो. ती त्याच्या आसपास शोधावी लागते. शिवाय उपग्रह ठरलेल्या वेळीच डोक्यावरून जातो. दुपारी दीडच्या फेरीनंतर पेटलेली आग त्याच उपग्रहाला थेट रात्री दीडला दिसते. मधल्या वेळेत उंचावर बसलेला फायर वॉचर, म्हणजे आगीवर नजर ठेवणारा माणूसच कामी येतो.

विझवणे : इथली आग बहुतांशी जमिनीवरून सरकते, शेंड्यांवर क्वचितच चढते. ज्वाळा सव्वा मीटरपर्यंत असतील तर हिरव्या फांद्या, झोडपणी आणि दाताळे घेऊन तिला भिडता येते. त्याहून उंच असतील तर मागे सरून रस्ता, नाला किंवा जाळरेषेवर तिला अडवावे. सुरुवात आगीच्या शेपटाकडून (मागच्या बाजूने), जळून गेलेल्या जमिनीवर उभे राहून करतात आणि दोन्ही बगलांनी तोंडाकडे, म्हणजे पुढे धावणाऱ्या टोकाकडे, सरकतात. फांदी डोक्यावर उगारून आपटली तर ठिणग्या उडून मागे नवी आग लागते. ती खाली दाबून जळालेल्या बाजूकडे ओढायची.

चढावर ज्वाळा पुढच्या गवताकडे झुकतात व ते आधीच तापवतात; उतार दहा अंशांनी वाढला की वेग सुमारे दुप्पट होतो. चोरलच्या घळींत आगीच्या वरच्या अंगाला उभे राहणे म्हणूनच जिवावर बेततं. कपडे सुती हवेत. नायलॉन वितळून कातडीला चिकटते. परतायची वाट सगळ्यांना आधी ठाऊक हवी.

ज्वाळा गेल्यावरचे काम कंटाळवाणे, पण तेच बहुतेकदा राहून जाते. पोकळ सालई आणि सागाची जुनी खुंटे दुसऱ्या दिवशीही धुमसतात, आणि उतारावरून गडगडलेला पेटता ओंडका जाळरेषा सहज ओलांडतो. असे ओंडके उताराला आडवे करून मातीने अडवतात. दुसऱ्या दिवशी ऊन चढण्याआधी कडेने पूर्ण फेरी मारावी लागते.

कायदा : भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात आग लावणे गुन्हा आहे, अभयारण्यात वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चे कलम ३० लागू होते. वनातून हक्क किंवा उपज घेणाऱ्यांनी आग विझवायला मदत करणे १९२७ च्या अधिनियमातील कलम ७९ नुसार बंधनकारक आहे.

नंतर : जाड सालीचा मोठा साग वाचतो, त्याची रोपे वरून जळली तरी मुळांतून पुन्हा फुटतात. वारंवार असे झाले की रोप वर्षानुवर्षे गुडघ्याएवढेच राहते. पाचोळ्याचे आच्छादन गेलेल्या उतारावरची माती पहिल्या सरींत ओढ्यांत उतरते. मोकळ्या जागेत घाणेरी शिरते आणि पुढच्या हंगामाचे इंधन होते. ती नुसती छाटली तर दाट फुटते. मुख्य मूळ जमिनीखाली तीन-चार सेंटिमीटरवर तोडून झुडूप उलटे ठेवावे, आणि हे काम फळे धरण्याआधी उरकावे.