व्हॉयाजर
उत्तर अमेरिकेच्या फरव्यापारात भूर्जसालीच्या नावांतून मालाची ने-आण करणारे पगारी नावाडी. बहुतेक जण सेंट लॉरेन्स नदीकाठच्या फ्रेंच-कॅनेडियन शेतकरी घरांतले, लेखी कराराने बांधलेले. नॉर्थ वेस्ट कंपनीचा फरव्यापार १७७९ पासून हडसन्स बे कंपनीतल्या १८२१ च्या विलीनीकरणापर्यंत त्यांच्याच अंगबळावर चालला.

बर्फ वितळले की मेच्या सुरुवातीला माँट्रियलजवळच्या लाशीनहून ताफे सुटत. ओटावा नदी, निपिसिंग आणि ह्यूरन सरोवरे ओलांडून सुपीरियर सरोवराकाठचे ग्रँड पोर्टेज हे व्यापारी ठाणे गाठायला सहा ते आठ आठवडे लागत. मोठी नाव ११ मीटर लांब असून तीत तीनेक टन माल मावे. नाळेवरचा व सुकाणूवरचा गडी धावत्या पाण्याचा जाणकार असे, म्हणून त्यांना मधल्या वल्हेकऱ्यांपेक्षा जास्त पगार. दिवसाला चौदा-सोळा तास वल्हवणे. मध्ये तासातासाने चिलमीपुरता विसावा. सरोवर किती मोठे, तेही ‘इतक्या चिलमींचे’ असेच सांगत.

चित्रांत वल्ही दिसतात, पण खरा कस पाणी संपे तिथे लागे. धबधबा आला की माल आणि नाव दोन्ही पाठीखांद्यावरून पलीकडे न्यायचे. एक गासडी ९० पौंडांची, म्हणजे सुमारे ४१ किलोंची. चामडी पट्टा कपाळावर घेऊन पहिली गासडी कमरेच्या वर टेकवत, दुसरी तिच्यावर चढवत आणि पुढे वाकून दुडक्या चालीने निघत. ग्रँड पोर्टेजहून माल वाहून न्यायची वाट जवळजवळ १४ किमीची. प्रत्येकाच्या वाट्याला आठ गासड्या; दोन-दोन नेल्या तर ओझ्याच्या चार फेऱ्या आणि मधल्या तीन रिकाम्या, म्हणजे ९५ किमींहून अधिक पायपीट. या ओझ्याने अंतर्गळ होई, आतडे पिळले की माणूस दगावे. बुडून मरणारेही पुष्कळ, कारण अनेकांना पोहता येत नसे.

खाणे साधेच. क्षाराच्या पाण्यात उकळून टरफल काढलेला मका चरबी घालून शिजवत. पश्चिमेकडे हिवाळा काढणाऱ्यांना पेमिकन मिळे: सुक्या मांसाचा चुरा आणि वितळवलेली चरबी.

साल दगडाला घासली की फाटते. म्हणून भरलेली नाव काठावर कधी ओढत नसत. गडी कमरभर पाण्यात उतरून माल उचलत. संध्याकाळी नाव उपडी करून सांध्यांवर स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची राळ चरबीत कालवून लावत. चरबी कमी पडली तर राळ थंडीत तडकते, जास्त झाली तर उन्हात ओघळते. फाटलेल्या जागी जादा सालीचे ठिगळ स्प्रूसच्याच मुळांनी शिवत आणि वरून पुन्हा राळ भरत.