निवळ पाणी नको, खालचं वरण

भाचीचं उष्टावण सातव्या महिन्यात झालं. मुलीचं विषम महिन्यात करायचं, म्हणून. पहिला घास मामाच्या हातचा. चांदीच्या वाटीतली तांदळाची खीर मी चमच्याने तिच्या तोंडात सोडली आणि पुढच्याच क्षणी ती हनुवटीवरून ओघळून माझ्या झब्ब्यावर आली. "आवडली नाही वाटतं," असा घरभर निकाल लागला.

आवडीनिवडीचा प्रश्नच नव्हता. जन्मल्यापासून त्या जिभेला एकच काम ठाऊक, पुढे-मागे होत दूध ओढायचं. घट्ट काही आत आलं की ते बाहेर ढकलायची उपजत प्रवृत्तीही बाळात असते. ती चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान ओसरते. घास जिभेवरून मागे सारून गिळणं हे मात्र शिकावंच लागतं. भाचीला त्यासाठी दोन आठवडे लागले आणि तेवढ्यात आम्हां सगळ्यांचे कपडे खराब झाले.

खरी पंचाईत नंतर झाली. आई वाटीत वरणाचं वरवरचं पाणी काढत होती. "अंगावर पिणारं लेकरू आहे, जड पडेल. तुम्ही दोघं यावरच वाढलात."

हिशेब करून पाहू. बाळाच्या जठरात वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० ग्रॅम अन्न मावतं. म्हणजे सात किलोच्या भाचीच्या पोटात एका वेळी २०० मिलीच्या आसपास जागा. आईच्या १०० मिली दुधात ६५ ते ७० कॅलरी असतात. वरणाच्या निवळीत जवळपास काहीच नाही. डाळ कुकरच्या डब्यात तळाशी बसलेली, वर हळदीचं पाणी. ते पाजलं की पोट भरतं, बाळ तितकं दूध कमी पितं. चांगलं अन्न बाजूला सारून आपण त्याजागी पाणी भरतो आणि बाळाला पचायला हलकं दिलं म्हणून समाधान मानतो.

सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाखेरीज रोज सुमारे २०० कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००, वर्षानंतर साधारण ५५०. दूध सुरूच ठेवायचं, दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही. पण ही तूट वरच्या अन्नाने भरायची. म्हणून खालची डाळ घोटायची, त्यात मऊ भात कुस्करायचा आणि वर तूप. लहान चमचाभर तुपात ४५ कॅलरी असतात. घास पुरेसा घट्ट आहे का, हे चमचा तिरका करून बघावं. ओघळला तर पातळ आहे.

कॅलरीपेक्षाही नड असते ती लोहाची. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आई बाळाला लोहाचा साठा देते. जन्मानंतर नाळ कापायची घाई न करता किमान मिनिटभर थांबलं, तर त्यात आणखी भर पडते. ही शिदोरी साधारण सहा महिने पुरते; अपुऱ्या दिवसांच्या बाळाची त्याआधीच संपते. आईच्या दुधात लोह लिटरला जेमतेम ०.३५ मिलिग्रॅम. त्यातलं निम्मं शोषलं जातं हे खरं, तरी दिवसाकाठी बाळाच्या रक्तात एक-अष्टमांश मिलिग्रॅमच पोचतं. लागतं साधारण पाऊण मिलिग्रॅम. इतकी मोठी तफावत निवळीने कशी भरणार? खाणाऱ्या घरांत घोटलेला खिमा किंवा कलेजी द्यावी. शाकाहारी घरांत डाळी, पालेभाज्या आणि वर लिंबाचे चार थेंब, कारण क जीवनसत्त्वामुळे वनस्पतींतलं लोह जास्त शोषलं जातं. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली सहा महिने ते पाच वर्षांची ६७ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. आशाताई लोहाचं सिरप देतात ते म्हणूनच.

आईने हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग नाचणीचं सत्त्व पातळ असतं, ते कसं चालतं?"

प्रश्न बिनतोड होता. उत्तर गॅसवर दिलं. दोन पातेल्यांत सारखंच पाणी, सारखंच पीठ. एकात साध्या नाचणीचं, दुसऱ्यात मोड आणून वाळवून दळलेल्या नाचणीचं. पहिल्याची खळ झाली, डावाला चिकटून बसली. दुसरी पेज धारेने पडत होती. शिजताना पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात, त्याने खळ होते. मोड येताना मात्र दाणा कोंबाच्या पोषणासाठी अमायलेज नावाचं विकर (एन्झाइम) तयार करतो आणि ते पिष्टाच्या लांब साखळ्या तोडतं. म्हणजे ही पेज पाणी वाढवून पातळ झालेली नव्हती. पीठ तेवढंच, कॅलरीही तेवढ्याच. मग पहिल्या पातेल्यातली खळ कोमट करून त्यात चमचाभर मोडाचं पीठ ढवळलं. काही मिनिटांत ती सैल झाली. (उकळत्या पेजेत घातलं तर विकर मरतं. सैल झाल्यावर मात्र एक उकळी काढावी.) बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात याच युक्तीवर बरंच काम केलं.

मोड आणल्याने लोह अडवून ठेवणारं फायटेटही घटतं. नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पण भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून तळाशी बसलेला पांढरा साका वाळवतात, तेही सत्त्वच म्हणतात. त्यात प्रामुख्याने पिष्ट उरतं. खनिजांचा बराच भाग फडक्यातल्या चोथ्यात जातो. मी तरी मोडाचंच पीठ वापरेन.

मध वर्षभर चाटवू नये. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंपासून बाळाला बोट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी विषबाधा, होऊ शकतो. मीठ-साखरही वर्षभर नको. शेंगदाण्याला पूर्वी घाबरत. २०१५ मध्ये लंडनमध्ये ॲलर्जीचा धोका असलेल्या ६४० बाळांवरच्या अभ्यासात उलटंच दिसलं, लवकर खाल्लेल्यांना त्याची ॲलर्जी फारच कमी झाली. अंगावर तीव्र इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. अख्खा दाणा घशात अडकतो, तेव्हा बारीक कूट, तोही अन्नात कालवून.

अंगावर पिणाऱ्या बाळांची एक गंमत आहे. चव आणि वासावर संशोधन करणाऱ्या फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रात ज्युली मेनेला आणि गॅरी बोशाँ यांनी १९९१ मध्ये आयांना लसणाच्या कॅप्सूल दिल्या. दोनेक तासांत दुधाला लसणाचा वास आला, आणि बाळं तोंड फिरवायच्या ऐवजी जास्त वेळ अंगावर राहिली. २००१ मध्ये त्यांच्याच चमूने गाजराचा रस पिणाऱ्या आया घेतल्या. त्यांच्या बाळांनी पुढे गाजराची पेज खाताना कमी नाकं मुरडली.

हे मी सांगत असताना ताईने लसणाची फोडणी दिलेलं बिनमिठाचं वरण भातात कालवलं. भाचीने एक चमचा गिळला आणि दुसऱ्याची वाट न पाहता मूठ थेट वाटीत घातली.

"बाळंतपणात तिच्या आईला रोज लसूण कुणी खाऊ घातला?" आई म्हणाली.