मण्याचं वय वेजात दिसतं

बडोद्याच्या शुक्रवारी बाजारात जुनी कुलुपं आणि बंद घड्याळं यांच्या ढिगाशेजारी मला एक माळ मिळाली. विटकरी लाल मणी, अधूनमधून चार पिवळे, आणि त्याच चिंधीत गुंडाळलेला एक ब्रोच. “असल खंभातनुं छे, बेन,” विकणारे काका म्हणाले; खंभात म्हणजे गुजरातमधलं मणी घडवणाऱ्यांचं गाव. ब्रोच तर थेट सयाजीरावांच्या काळातला, असंही सांगितलं. मी दोन्ही घेतलं आणि दांडिया बाजारातल्या आमच्या घरी खिडकीपाशी पांढऱ्या कापडावर पसरलं.

पहिली तपासणी गालाला लावून. लाल मणी गार लागले, पिवळे नाही लागले. खोलीत रात्रभर पडलेल्या सगळ्या वस्तूंचं तापमान सारखंच असतं. गार वाटते ती वस्तू आपल्या त्वचेतली उष्णता भराभर ओढून घेते, एवढंच. प्लॅस्टिक ती फार हळू ओढतं, काच त्याच्या कित्येक पट वेगानं आणि अकीक हा दगड काचेपेक्षाही वेगानं. म्हणजे लाल मणी दगडाचे किंवा काचेचे, पिवळे आणखी कशाचे तरी.

दगड आणि काच यांत निवाडा करायला वजन फारसं उपयोगी पडत नाही. अकिकाची घनता 2.6, साध्या काचेची 2.5 च्या आसपास. घरच्या काट्यावर एवढा फरक हुकतो. इथे सोनाराचं दहापटीचं भिंग हवं, आणि ते मण्याच्या चकाकीवर नव्हे, वेजावर, म्हणजे त्याच्या भोकावर, धरायचं. मण्याचा दर्शनी भाग पॉलिश करता येतो, रंगवता येतो. वेजाकडे फसवणाऱ्याचंही सहसा लक्ष जात नाही.

काचेचा मणी तापल्या सळईवर गुंडाळून केला असेल, तर आतले बुडबुडे आणि रेषा वेजाभोवती फिरतात. काचेची पोकळ नळी लांब ओढून तिचे तुकडे पाडले असतील, तर बुडबुडे वेजाला समांतर ताणलेले दिसतात. साच्यात दाबलेल्या मण्याला बहुधा कडेनं शिवणीसारखी पुसट रेघ असते. दगडाला मात्र भोक पाडावं लागतं, आणि ते दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं पाडतात, नाहीतर सामता, म्हणजे भोक पाडायचं हत्यार, पलीकडे निघताना टवका उडतो. दोन भोकं मधोमध तंतोतंत जुळणं कठीण. माझ्या लाल मण्यात उजेडासमोर धरल्यावर मध्ये नेमकी एक बारीक पायरी दिसली. खंभातच्या कारागिराच्या कमानीच्या सामत्याला टोकाशी हिऱ्याच्या दोन कणी बसवलेल्या असतात. ही पायरी त्या सामत्याची.

मणी अकिकाचे, हे ठरलं. त्यांचा लाल रंग भट्टीतला. भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या खाणींतून अकीक निघतो तेव्हा तो बहुधा पिवळट-करडा असतो. तापवला की त्यातल्या लोहाच्या संयुगातलं पाणी निघून जातं, हेमटाइट हे लाल लोहखनिज तयार होतं आणि दगड लालबुंद होतो. विटा भाजल्यावर लाल होतात, तेच रसायन.

वेजावरून किती मागे जाता येतं, हे मला आपल्या विद्यापीठामुळे कळलं. महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे कुलदीप भान, अमेरिकेचे मार्क केनोयर आणि इटलीचे मासिमो विदाले या पुरातत्त्वज्ञांनी खंभातच्या कारागिरांसोबत बसून त्यांची कामाची रीत टिपली आणि तिच्या आधारे हडप्पाकालीन मण्यांची उत्पादनपद्धत उलगडायचा प्रयत्न केला. त्या काळात हिऱ्याचं टोक नव्हतं; एका विशिष्ट कठीण दगडाची गिरमिटं वापरत. धोलावीरा आणि चान्हूदडो या हडप्पाकालीन ठिकाणी ती सापडली आहेत. त्यांनी पाडलेलं वेज हिऱ्याच्या वेजापेक्षा वेगळं दिसतं. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या हाताची खूण मण्याच्या पोटात शाबूत राहावी, याचं मला अजूनही भरून येतं.

आता पिवळे मणी. काका त्यांना अंबर म्हणाले होते. आपल्याकडे अंबराला तृणमणी असंही म्हणतात, कारण घासला की तो गवताची काडी ओढतो. पण घासल्यावर प्लॅस्टिकही कागदाचे कपटे ओढतं, तेव्हा त्यावर विसंबू नका. मणी दोऱ्यातून सोडवून, पेलाभर पाण्यात विरघळेल तितकं मीठ घालून त्यात टाका. अंबर तरंगतं, बेकेलाइट हे जुन्या जमान्यातलं प्लॅस्टिक बुडतं. तरंगला म्हणजे अंबरच, असं मात्र नाही; काही हलकी प्लॅस्टिकंही तरंगतात. मोती आणि धातूचं काही असेल तर ते या पाण्यात अजिबात घालू नका. माझे चारही मणी तळाशी गेले. धुऊन अंगठ्यानं ऊन होईपर्यंत घासल्यावर कार्बोलिक साबणासारखा वास आला. बेकेलाइट! लिओ बेकलँडनं 1907 मध्ये शोधलेलं, म्हणजे हे मणी त्याआधीचे असूच शकत नाहीत. तापलेली सुई टोचून बघा, असा सल्ला बरेच जण देतात. कृपा करून टोचू नका. वस्तूला कायमचा डाग पडतो आणि मणी सेल्युलॉइड या जुन्या प्लॅस्टिकचा निघाला तर भडकन पेटतो.

मोत्यांचं एक सांगायला हवं, कारण बडोदं आणि मोती यांचं नातं जुनं. खंडेराव गायकवाडांनी 1865 च्या सुमारास करवून घेतलेल्या मोत्यांच्या गालिच्यात लाखो बसरा मोत्यांच्या जोडीला रंगीत काचमणीही आहेत. तेव्हा जुन्या दागिन्यात काच दिसली की तो हलका, असं समजू नये. खोट्या मोत्याची पारख पुन्हा वेजाशीच: मुलामा तिथे सोलवटलेला असतो आणि खालची काच किंवा प्लॅस्टिक दिसतं. दोन मोती एकमेकांवर हलकेच घासा. खरे किंचित खरखरतात, कारण त्यांचं अंग सूक्ष्म पापुद्र्यांचं असतं. नैसर्गिक की संवर्धित, हे मात्र क्ष-किरणांशिवाय खात्रीनं सांगता येत नाही.

ब्रोच उलटा केला आणि सयाजीरावांची गोष्ट तिथेच संपली. मागे ‘वेस्ट जर्मनी’ असा ठसा होता. तो देश 1949 ते 1990 या काळातला, महाराज तर 1939 मध्येच गेले. खड्यांवर तेलाच्या तवंगासारखी सप्तरंगी झाक होती. धातूच्या वाफेचा हा पातळ थर 1950 च्या दशकाच्या मध्यात खड्यांवर चढू लागला. टाचणीला फिरणारं कुलूप होतं. जुन्या ब्रोचना नुसता उघडा आकडा असे आणि टाचणीचं टोक कित्येकदा कडेबाहेर डोकावे.

आणि माळेचा दोरा? नायलॉनचा. नायलॉन 1938 मध्ये जगासमोर आलं, म्हणजे माळ त्यानंतर कधीतरी गाठवली गेली. मणी त्याहून कितीतरी जुने असू शकतात. लाल मण्यांच्या वेजाच्या कडा झिजून गोल झाल्या आहेत, बेकेलाइटच्या तशा नाहीत. माझ्या मते लाल मणी आधी दुसऱ्याच कुठल्या तरी माळेत बरीच वर्षं वापरात होते.

गेल्या आठवड्यात माळ पटवेकऱ्याकडे दिली, रेशमात गाठवायला. दोरा अगदी झिजला होता. काढलेला दोरा टाकू नका, असं त्याला दोनदा सांगितलं. तो आता माळेच्या डबीतच वेगळ्या कागदी पाकिटात आहे, वर तारीख घालून.